'औषध घेतलं का?' : फोनवरच्या संवादोपचाराचे एक प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या चौतीस वर्षांच्या विवाहित महिलेवर जून २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात झालेल्या उपचारांची ही नोंद आहे. आजार नैराश्याचा होता. उपचारात गोळ्या होत्या आणि बोलणे होते, आणि बोलण्याचा मोठा भाग फोनवर झाला. लक्षणे किती उतरली ते ओघाने येईलच, परंतु या लिखाणाचा रोख तिकडे नाही. आपला उपचार समोरासमोरच्या खुर्चीवरून फोनवर गेला हे त्या बाईंना कसे वाटले, ते वाटणे पुढच्या महिन्यांत कसकसे पालटत गेले आणि ते ओळखण्यात माझी कुठे चूक झाली, एवढेच येथे मांडायचे आहे. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत असून ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. त्यांचे बोलणे मात्र टिपणवहीत जसे उतरले तसे, त्यांच्या वऱ्हाडीतच ठेवले आहे.

पार्श्वभूमी

कुटुंबाकडे पाच एकर कोरडवाहू वावर आहे. अर्ध्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अर्ध्यात सोयाबीन आणि मध्ये तुरीची तासे, म्हणजे ओळी. घरात सासू, नवरा, दोन मुले, विधवा जाऊ आणि तिची मुलगी. बाईंच्या भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाने, तीन वर्षांपूर्वी फवारणीचे औषध पिऊन जीव दिला होता. त्यानंतर त्यांच्या वाट्याची मेहनत धाकट्या भावावर आणि या बाईंवर आली, सोसायटीचे कर्जही आले. जाऊबाई वर्षभर खोलीबाहेर फारशा पडल्या नाहीत, तेव्हा दोन्ही संसारांचा स्वयंपाक, ढोरांचे शेण-पाणी आणि वावरातले निंदण या बाईंनीच रेटले.

त्रास सुरू झाला तो डोकेदुखीने आणि छातीतल्या धडधडीने. गावात येणाऱ्या डॉक्टरांनी सलाइन लावले, तालुक्याला रक्त तपासले, छातीची पट्टी काढली. कुठेच काही निघाले नाही. पहाटे तीनला जाग येणे, घास घशाखाली न उतरणे, तव्यावरची भाकर करपल्याचा वास येऊनही हात न हलणे, हे सगळे बाईंनी पहिल्यांदा सांगितले ते आशाताईंना, आणि तेही मुलाच्या लसीचा विषय चालू असताना. आशाताईंनी त्यांना आमच्या मानसोपचार विभागात पाठवले. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात नैराश्य असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. त्या पंच्याऐंशींतून एक बाई उचलून आमच्या दारापर्यंत आणली ती आशाताईंनी, हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे एका अवघड क्षणीही त्याच धावल्या.

२० जूनला मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना तपासून गोळी सुरू केली. मागच्या दोन आठवड्यांतील त्रासाविषयी नऊ प्रश्न विचारणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. तिचे गुण शून्य ते २७ असतात, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. बाईंचे १७ भरले. संवादोपचारासाठी त्या माझ्याकडे आल्या. दर पंधरा दिवसांनी एक याप्रमाणे आठ बैठका ठरवल्या. नैराश्यात माणूस हळूहळू एकेक काम आणि एकेक माणूस सोडत जातो, त्यामुळे मन आणखी खचते आणि आणखी काही सुटते. सुटलेल्या गोष्टी लहान तुकड्यांत परत हाती घ्यायला लावून हे चक्र उलटे फिरवायचे, अशी ही पद्धत आहे. ती फोनवर करता येण्याजोगी आहे, निदान पुस्तकात तरी.

पहिल्या दोन बैठका, २० जून आणि ११ जुलै, समोरासमोर झाल्या. बाई सकाळी सातच्या एसटीने निघत आणि पाचच्या सुमारास घरी पोहोचत. खुर्चीच्या कडेवर बसत, केसपेपरची प्लॅस्टिकची पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवत आणि विचारले तेवढेच बोलत. माझ्या टिपणात तेव्हाचा शेरा आहे: 'सहकार्य करतात, परंतु खुलत नाहीत.' तो शेरा आज मला पुरता फसवा वाटतो.

'मले काहाडून टाकलं का हो?'

२१ आणि २२ जुलैला यवतमाळ जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. गावाच्या नाल्यावरचा रपटा पाण्याखाली गेला आणि एसटी बंद पडली. २५ जुलैची बैठक चुकली, तेव्हा आम्ही ती फोनवर घ्यायचे ठरवले. त्यात नवलाचे काही नव्हते. टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केल्यापासून फोनवरचा पाठपुरावा आमच्याकडे रुळला होता. १० ऑक्टोबर २०२२ ला टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा सुरू झाल्यापासून १४४१६ हा क्रमांकही आम्ही प्रत्येक केसपेपरवर लिहून देत होतो. बाईंचा प्रवास वाचेल, नवऱ्याचा खर्च आणि दिवसाची मजुरी वाचेल, असा आमचा हिशेब होता आणि तो आकड्यांत चुकीचा नव्हता.

हा निर्णय त्यांना कसा वाटेल ते मी विचारले नाही, नुसते कळवले. त्याचा अर्थ बाईंनी काय लावला ते मला सप्टेंबरमध्ये समजले. त्यांनी विचारले, ''मॅडम, मले तवा काहाडून टाकलं होतं का हो?'' त्यांच्या लेखी दवाखान्यात बोलावणे ही आजाराची पावती होती. रांगेत उभे राहायचे, नाव पुकारले जायचे, केसपेपरवर शिक्का बसायचा, त्यातून आपला त्रास खरा ठरायचा. 'आता येऊ नका, आम्ही फोन करू' हे वाक्य गावात सहसा कोणाला ऐकू येते? ज्याचे काम होणार नाही त्याला. बँकेतून, तहसिलीतून लोक हेच ऐकून परत येतात. आम्ही सोय म्हणून जे बोललो ते त्यांच्या कानी नकारासारखे पडले होते.

सासूबाईंचे म्हणणे याहून रोखठोक होते. ''केसपेपर नाही, सुई नाही, तं आजार कायचा? नुसतं बोलून काय होते?'' औषधासाठी सुनेला एसटीने पाठवायला त्या तयार असत, बोलण्यासाठी फोन धरून बसलेली सून मात्र त्यांना कामचुकार दिसे. म्हणजे फोनवर येताच बाईंची बढती झाली नाही, उलट घरात त्या रुग्ण म्हणून खालच्या पायरीवर आल्या.

कोणाचा फोन, कोणाचे कान

घरात स्मार्टफोन एकच, नवऱ्याचा. २६ जुलैला फोन लागला तो त्यांच्याच हातात. त्यांनी तो बायकोला दिला आणि ऐकू नीट यावे म्हणून स्पीकर लावून दिला. यात पाळत ठेवण्याचा हेतू होता असे मला वाटत नाही. त्या घरात फोन असाच ऐकला जातो, माहेरचा आला तरी सगळ्यांनी मिळून. मला मात्र स्पीकर लागल्याचे कळले नाही. आवाज जरा लांबून येतो आहे एवढेच जाणवले आणि मी ते रेंजच्या खात्यावर मांडले.

बारा मिनिटांत बैठक आटोपली. झोप? ''बरी हाय.'' जेवण? ''जेवतो बरोबर.'' मग मी प्रश्नावली वाचू लागले. तिचा नववा प्रश्न मरून जावे असे वाटते का, स्वतःला इजा करावी असे वाटते का, असा आहे. तो मी स्पष्ट, सावकाश, नेहमीच्या शांत आवाजात विचारला. जेथे तीन वर्षांपूर्वी एक माणूस विष पिऊन गेला त्या घरात, सासू, नवरा आणि जाऊ यांच्या देखत, स्पीकरवरून. ''नाही, नाही,'' बाई म्हणाल्या. गुण भरले ९. मी शेरा लिहिला: 'लक्षणीय सुधारणा.' ९ ऑगस्टच्या फोनलाही असेच घडले आणि गुण ८ झाले.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याचे कलम २३ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देते. तो हक्क मला बांधतो, माझ्या विभागाला बांधतो, टिपणवहीच्या कपाटाला बांधतो. कुडाच्या भिंतीला तो बांधत नाही. समोरासमोरच्या बैठकीत दार लावण्याचे काम माझे असते. फोनवर ते दार रुग्णाच्या बाजूला असते आणि पुष्कळदा असतच नाही. तुम्ही आता कुठे आहात, जवळ कोण आहे, फोन स्पीकरवर आहे का, हे तीन प्रश्न कोणत्याही फोन-बैठकीचे पहिले प्रश्न असले पाहिजेत हे मला पाठ होते. पाठ असूनही मी ते विचारले नाहीत, कारण ओळखीच्या रुग्णाला इतके औपचारिक काय विचारायचे असे वाटले. त्या 'बरी हाय'ला मी सुधारणा समजले. ती घराला ऐकवण्यासाठी दिलेली हमी होती.

औषध

२३ ऑगस्टच्या फोनला बाईंनी स्वतःच स्पीकर बंद केला आणि फोन घेऊन गोठ्यात गेल्या. मागून ढोराच्या गळ्यातली घंटी ऐकू येत होती. तेवढ्यावरून मी ओळखायला हवे होते की आज काही बोलायचे आहे. मी सुरुवात केली ती नेहमीच्या प्रश्नाने: ''औषध घेतलं का?''

''हाव, घेतलं औषध. सकाळीच घेतलं.''

या भागात गोळीला गोळी म्हणतात, सुईला सुई म्हणतात. 'औषध' म्हटले की वावरात फवारायचे ते, आणि कोणी 'औषध घेतलं' म्हटले की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा उठतो, कारण त्याचा अर्थ एकच निघतो. बाई दवाखान्याची भाषा शिकल्या होत्या, माझ्याशी माझ्याच शब्दांत बोलत होत्या. कुडापलीकडे जाऊबाई शेण भरत होत्या. त्यांना माझा प्रश्न ऐकू आला नाही, उत्तर तेवढे आले.

मला ऐकू आली ती एक किंकाळी, घमेले आपटल्याचा आवाज, मग फोन पडल्याचा. लाइन तुटली. मी तीनदा फोन लावला, रिंग जात राहिली. माझ्याकडे दुसरा क्रमांक आशाताईंचा होता, तो लावला आणि त्या निघाल्या. त्यानंतरची अकरा मिनिटे मी टेबलाशी बसून काढली. आशाताईंनी पुढे सांगितले ते असे: जाऊबाईंनी बाईंना अंगणात ओढत आणले होते, एका हाताने जबडा धरून दुसऱ्या हाताने मिठाचे पाणी पाजू पाहत होत्या, शेजारचे दोघे मोटरसायकल काढत होते आणि बाई दातओठ आवळून पदरात बांधलेली गोळ्यांची पट्टी सोडवण्याची धडपड करीत होत्या. पट्टी दाखवली तेव्हा कुठे जाऊबाईंनी हात सोडला आणि त्या तिथेच मटकन बसल्या.

(विषबाधेचा संशय असेल तेव्हा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये, तडक दवाखाना गाठावा, हे आशाताईंनी त्याच अंगणात जमलेल्यांना सांगितले. वेळ चांगली होती, सगळे ऐकण्याच्या मनःस्थितीत होते.)

आमच्या बैठकीत या घटनेवर विचार झाला तेव्हा फोन बंद करून बाईंना पुन्हा बोलावून घ्यावे, असेच बहुतेकांचे मत पडले. माझेही तेच होते. या वेळी मात्र मी कळवण्याआधी विचारले. आशाताईंच्या फोनवरून, आशाताईंच्या घरात बसून बाई बोलल्या. ''फोन बंद नका करू, मॅडम. जागा बदला.'' मग थोडे थांबून, ''त्या दिवशी जाऊबाई माह्यासाठी रडली. तीन वर्षांत पहिल्यांदा.''

वावरातला बुधवार

६ सप्टेंबरपासून बैठका वावरातून झाल्या. जाऊबाईंनी भासऱ्यांचा जुना बटनांचा फोन कपाटातून काढून दिला. त्यात नवे सिम घातले. रिचार्जची मुदत संपली की येणारा फोनही बंद पडतो, म्हणून दर महिन्याला तो भरण्याचे नवऱ्याने मान्य केले. सुरुवातीला त्यांनाही 'कोनाशी एवढी बोलू राह्यली' ही शंका होतीच, पण अंगणातल्या त्या दुपारनंतर ती उरली नाही. रेंज मिळे ती धुऱ्यावरच्या निंबाखाली. बुधवारी चार वाजता मी फोन करीत असे. आम्ही एक खूण ठरवली होती. मी विचारायचे, ''निंदण झालं का?'' ''झालं'' म्हणजे मोकळे बोलता येईल, ''राह्यलं'' म्हणजे जवळ कोणी आहे, आज हो-नाहीवर चालवा. आणि गोळीला गोळीच म्हणायचे.

पहिल्याच खऱ्या बैठकीत प्रश्नावलीचे गुण १६ भरले. दोन महिन्यांची 'सुधारणा' पंधरा मिनिटांत पुसली गेली. नवव्या प्रश्नाला त्या गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की मरावे असे नाही, पण सकाळी उठूच नये असे वाटते. त्यावर आम्ही जे करायचे ते केले. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळीची मात्रा वाढवली, फवारणीच्या औषधाचे डबे घराबाहेर कुलपात गेले, किल्ली सासूबाईंकडे राहिली. हे सगळे जुलैतच व्हायला हवे होते.

बोलणे तेथून उलगडले. समोर बसून दोन बैठकांत जे निघाले नव्हते ते निंबाखाली निघाले. ''घरात रडाचा मान जाऊबाईचा हाय,'' त्या म्हणाल्या. ''तिचा नवरा गेला. माह्या तं जिता हाय. मी कायले रडू?'' भासऱ्यांनी त्यांना लहान बहिणीसारखे वागवले होते, आणि त्यांच्या जाण्याचे दुःख करायला या घरात त्यांना जागाच मिळाली नव्हती. त्याच्या जोडीला जाऊबाईंविषयीचा राग होता, आणि त्या रागाची लाज. हे मला तोंडावर का सांगता आले नाही, असे मी विचारले तेव्हा उत्तर तयार होते: ''तुमचं तोंड दिसत नाही तं बोलता येते. तिथं तुमी लिहून घेत होत्या. मी काई बोलली का तुमचा पेन चाले, मले वाटे काईतरी चुकलं.''

पेन तर मी फोनवर बोलतानाही चालवतच होते. त्यांना ते दिसत नव्हते, एवढाच काय तो फरक. त्या दिवशी मी त्यांना ते सांगून टाकले आणि लिहू का म्हणून विचारले. ''लिहा ना. आता कायचं,'' म्हणाल्या.

फोनवर रुग्ण मोकळे होत नाहीत, डोळ्यांत डोळे घातल्याखेरीज विश्वास बसत नाही, असे आमच्या व्यवसायात पुष्कळांना वाटते. या बाईंच्या बाबतीत उलटे झाले आणि त्याचे कारण साधे होते. त्यांच्या वाट्याला आलेली प्रत्येक नजर काहीतरी मागणारी होती. सासूची नजर काम मागे, जाऊची सहानुभूती मागे, दवाखान्यातली माझी नजर उत्तर मागे. नजर नसलेली व्यक्ती त्यांना पहिल्यांदाच भेटली होती. अर्थात हे निंबाखाली खरे होते. नवऱ्याचा फोन स्पीकरवर असताना त्याच उपचाराने, त्याच आवाजाने त्यांचे तोंड बंद केले होते. 'फोनवरचा उपचार रुग्णाला आवडतो का' हा प्रश्न मला म्हणूनच अर्धवट वाटतो. तो कोठे उभे राहून घेतलेला फोन आहे, हे कळल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

गप्प राहण्याचे मात्र जमायला वेळ लागला. खोलीत मी गप्प बसले तर रुग्णाला मी दिसत असते, त्याच्यासाठी ती सवड असते. फोनवर मी चार-पाच श्वास थांबले की लगेच, ''हॅलो? कटला काय?'' आणि धागा तुटे. अशा तऱ्हेने दोन-तीन नाजूक जागा हुकल्या. मग मी थांबताना 'मी ऐकते आहे, तुमच्या सवडीने' असे सांगू लागले, आणि त्या 'थांबा जरा' म्हणू लागल्या. थांबल्यावर होल्यांचे घुमणे, लांबवर कोणाच्या तरी पंपाचा आवाज, त्यांचे नाक ओढणे एवढे ऐकू येई. रडणे फोनवर उशिरा कळते. डोळे भरतात तेव्हा आवाज येत नाही.

कामाचे तुकडे त्यांनी स्वतःच निवडले. रोज सकाळी एक भाकर गरम असताना, बसून खायची. आठवड्यातून एकदा शेजारणीकडे काही काम नसताना जायचे. यावर येथे अधिक लिहिण्यासारखे काही नाही, पद्धत नेहमीची आहे आणि ती नेहमीप्रमाणेच, अडखळत, लागू पडली. सप्टेंबरात सोयाबीन पिवळे पडले. भागात सगळीकडेच पिवळा मोझॅक रोग आला होता. २० सप्टेंबरची पूर्ण बैठक त्या शेतावरच गेली. समोर उभे पीक दिसत असताना त्याविषयी बोलणे आणि दोन तासांवरच्या खोलीत ते आठवून सांगणे यात मोठा फरक आहे. त्या पिकाच्या एकेका ओळीतून चालत, पाने बघत बोलत होत्या, आणि किती गेले नि किती हाती येईल याचा हिशेब, जो महिनाभर डोक्यात गरगरत होता, तो त्यांनी चालता चालता मोठ्याने मांडला. हे माझ्या खोलीत कधीच झाले नसते.

जे फोनने नेले

४ ऑक्टोबरला बाईंनी स्वतःहून एक तक्रार मांडली. ''रडून झालं का लगेच इळा हाती घ्या लागते, मॅडम.'' फोन ठेवला की त्या जेथे असत तेथेच असत. तेच वावर, तेच काम, अर्ध्या तासाने तीच चूल. दवाखान्यात येण्याच्या दिवसांत मात्र बोलण्यानंतर दोन तासांची एसटी असे. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले होते, त्यामुळे घरून फारशी कुरकुरही होत नसे. ''खिडकीपाशी बसाले भेट्टे. कोनी काई मांगत नाही. कोनाले भाकर वाढा लागत नाही.'' लग्नानंतरच्या पंधरा वर्षांत त्यांना एकटीने बसून काही विचार करायला मिळालेली ती पहिली वेळ होती. पहिल्या दोन बैठकांत त्या खुलल्या नव्हत्या, तरी दोन्ही वेळा सातच्या गाडीने वेळेवर आल्या होत्या. त्या कशासाठी येत होत्या हे आता मला कळले. आम्ही त्यांचा प्रवास वाचवला होता. त्या प्रवासातच त्यांच्या उपचाराचा एक भाग होता, आणि तो आम्ही न विचारता काढून घेतला होता.

डेव्हिड मोर आणि सहकाऱ्यांनी शिकागो परिसरात ३२५ नैराश्यग्रस्तांवर केलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फोनवर उपचार घेणाऱ्यांपैकी मध्येच सोडणारे २०.९ टक्के होते, समोरासमोर घेणाऱ्यांपैकी ३२.७ टक्के. उपचार संपताना दोन्ही गटांची सुधारणा सारखीच होती. सहा महिन्यांनी मात्र समोरासमोरचा गट किंचित पुढे होता. असे का, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की उठून, आवरून, कोठेतरी पोहोचण्याची कृतीच नैराश्यात औषधासारखी लागू पडते. शिकागोची बस आणि यवतमाळची एसटी यांची तुलना मी करणार नाही, परंतु खिडकीपाशी बसण्याचे वाक्य ऐकल्यावर हा अभ्यास मला निराळ्या डोळ्यांनी दिसला. आपल्या शेजारचेही एक उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या 'विश्राम' कार्यक्रमात नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, आणि तेथे भर होता तो गावातल्याच कार्यकर्त्यांच्या दारोदार जाण्यावर. आमच्या प्रकरणातही अकरा मिनिटांच्या त्या खाईवर पूल टाकला तो आशाताईंच्या पायांनी. फोन एकट्याच्या बळावर चालत नाही, निदान ज्या घरात कपाटावर फवारणीचे डबे असतात तेथे तर नाहीच.

त्यानंतरची व्यवस्था बाईंनी आखली आणि आम्ही मान्य केली. महिन्यातल्या पहिल्या मंगळवारी गोळ्यांसाठी यायचेच असते, त्या दिवशी समोर बसून बोलायचे. मधल्या बुधवारी वावरातून फोन. सोयाबीन सोंगण्याच्या दिवसांत त्यांनी दोन बैठका पुढे ढकलल्या, वेचणी सुरू झाल्यावर चारची वेळ बदलून दुपारच्या जेवणाची केली. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पावसाने फुटलेला कापूस भिजला, तेव्हा मात्र ठरलेली वेळ नसताना त्यांचा मिस्ड कॉल आला. मी उलट फोन केला. त्या एवढेच म्हणाल्या, ''काई नाही, सांगावं वाटलं,'' आणि दीड मिनिटात ठेवून दिला.

५ डिसेंबरला त्या आल्या तेव्हा प्रश्नावलीचे गुण ६ होते, आणि या वेळी दार लावून, शेजारी कोणी नसताना. खुर्चीवर पाठ टेकून बसल्या. फोनवर इतके बोललेली व्यक्ती समोर पाहून दोघींनाही थोडे अवघडल्यासारखे झाले. त्या हसून म्हणाल्या, ''फोनवर तुमी जाड्या वाट्टा.'' त्या दिवशी फारसे बोलणे झाले नाही. जे होते ते बुधवारसाठी राखून ठेवले आहे, असे त्यांनीच सांगितले.

२ जानेवारी २०२४ ला त्यांच्याबरोबर जाऊबाई आल्या होत्या. बाई गोळ्यांच्या रांगेत गेल्यावर त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि आपलाही केसपेपर काढायचा आहे म्हणाल्या. येण्याजाण्याचा त्रास नको म्हणून मधल्या बैठका फोनवरही घेता येतील, असे मी सुचवले. या वेळी सुचवले, कळवले नाही. त्यांनी मान हलवली. ''नाही. फोनवर मी काईच सांगणार नाही. मी येतो. तुमच्यासमोर बसून सांगतो.''

त्यांना पहिल्या मंगळवारची वेळ दिली. दोघी एकाच गाडीने येणार होत्या, म्हणून बाईंची वेळ अकराची आणि जाऊबाईंची बाराची ठेवली. निघताना बाईंनी विचारले की परतताना खिडकी दोघींना मिळेल का.